जनगणनेतला एक रकाना

गेल्या महिन्यात माझी पुतणी दोन दिवस राहायला आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चहा पिता पिता म्हणाली, "मोठी आई, आता जनगणनेचं काम येणार गं. तू तीनदा केलंयस ना? लोक खरं सांगतात का?"

२०२१ ची जनगणना करोनामुळे पुढे गेली ती गेलीच. आता ती २०२७ साली होणार असं जाहीर झालं आहे, आणि या वेळी माहिती मोबाईलवर भरायची आहे म्हणे. बाकी दारोदार फिरणार ते शिक्षकच, त्यात काही बदल नाही.

मी तिला म्हटलं, "खरं सांगतात. पण आपण विचारू तेवढंच सांगतात." ती हसली आणि भांडी विसळायला उठली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

वाचकहो, इथे मी आजवर शाळेच्या, वाचलेल्या पुस्तकांच्या, गावच्या जत्रेच्या आठवणी लिहीत आले. आजचा विषय तसा नाही. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीने बघून घेण्याचा जो प्रकार आमच्या भागात झाला, त्याचा इतिहास लिहायचा आहे. इतिहास म्हटला की आम्हा शिक्षकांना सनावळ्या लागतात. त्या देईनच. पण या सनावळीतलं एक साल माझ्या घरातलं आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी आणि इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन जनगणनांना प्रगणक म्हणून गल्लोगल्ली हिंडले. १९८१ साली एका घरात बाई मुलांची नावं सांगत होती आणि मी लिहीत होते. चौथ्या मुलीचं नाव आलं 'नकुशा'. तशा माझ्या वर्गाच्या पटावरही नकुशा होत्याच. मुलीच्या पाठीवर मुली होत गेल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुशा नाहीतर नकोशी ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो अशी समजूत. हजेरी घेताना ते नाव उच्चारायला मला लाज वाटायची, पण ती पोर मात्र ठणठणीत आवाजात "हजर" म्हणायची.

२२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात अशा २८५ नकुशांना समारंभ करून नवी नावं दिली गेली. ते पाहून बरं वाटलं. पण पटावरच्या नकुशा त्याच्या कितीतरी आधीपासून कमी होत चालल्या होत्या. आम्हाला वाटायचं, शिक्षण पसरलं, समाज सुधारला. काही अंशी ते खरंही असेल. पण दुसरंही काही झालं होतं, आणि ते घडवून आणण्यात आम्ही शिकलेलेच पुढे होतो.

आधी त्या यंत्राविषयी थोडं सांगते, कारण यंत्राला शिव्या देऊन मोकळं होणं फार सोपं असतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. कारखान्यात धातूच्या आत भेग आहे का हे ध्वनिलहरींनी तपासायची सोय असते हे त्यांना ठाऊक होतं. १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून चक्क बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्राखाली धरून पाहिल्या. पुढे टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याच्या आणि जॉन मॅकव्हिकार या डॉक्टरांच्या साथीने त्यांनी माणसासाठी यंत्र तयार केलं, आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिघांचा लेख आला. बाईच्या पोटावर चाकू न चालवता आतलं दिसू लागलं. जुळं आहे का, वार खाली आहे का, मूल आडवं आहे का, हे आधीच कळू लागलं. त्या यंत्राने किती बायकांचे जीव वाचवले असतील! हे डोनाल्ड स्वतः गर्भपाताच्या कायद्याचे कट्टर विरोधक होते. आपल्या यंत्राचा पुढे आमच्याकडे काय उपयोग होणार आहे, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

आपल्या देशात ही गोष्ट सोनोग्राफीपासून सुरू झालेली नाही. आधी आली गर्भजल परीक्षा, म्हणजे पोटात सुई घालून गर्भाभोवतीचं पाणी काढून तपासायचं. १९७४-७५ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ती आनुवंशिक आजार शोधण्यासाठी सुरू झाली. आजाराबरोबर लिंगही कळतं म्हटल्यावर लोकांची रांग लागली. मुलगा होईपर्यंत लोक मुली जन्माला घालत राहतात, त्यापेक्षा हे बरं, लोकसंख्या तरी आटोक्यात येईल, असं म्हणणारे जाणते लोक तेव्हा होते. सरकारी रुग्णालयांत पुढे बंदी आली, तेव्हा ही परीक्षा खाजगी दवाखान्यांत गेली. आता थोडे पैसे खर्च करा आणि पुढचे हुंड्याचे लाखो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती राजरोस झळकत होत्या.

मुंबईत १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ८४ टक्के ही परीक्षा लिंग सांगण्यासाठी करत होते. त्याच सुमाराला मुंबईतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्या, काही डॉक्टर आणि वकील एकत्र आले, त्यांनी मंच स्थापन केला, मोर्चे काढले, मंत्रालयात खेटे घातले. त्याचं फळ म्हणजे महाराष्ट्राचा १९८८ चा कायदा. असा कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. मी तो वर्गात अभिमानाने शिकवला. फुले-आगरकरांचा महाराष्ट्र, वगैरे वगैरे. सप्टेंबर १९९४ मध्ये संसदेनेही कायदा संमत केला, तो लागू व्हायचा होता १ जानेवारी १९९६ पासून.

आता ते मधलं साल, १९९५. श्रावण चालू होता.

माझ्या धाकट्या जावेला दोन मुली, एक पाच वर्षांची आणि एक तीन. तिसऱ्या खेपेला दिवस गेलेले, पाचवा महिना लागला होता. जवळच्या मोठ्या गावात सोनोग्राफीचं मशीन आलं होतं. सुई नाही, दुखणं नाही, दहा मिनिटांचं काम. घरात कुणी मोठ्याने काही ठरवलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बघून तर या." दीर काहीच बोलले नाहीत, पण एसटीच्या खर्चाला आणि वर लागतील म्हणून जास्तीच्या नोटा त्यांनी माझ्या हातात दिल्या, बायकोच्या नाही. आणि धाकटी म्हणाली, "अक्का, तुमी चला की संगं. तुमाला डाक्टरसंगं बोलाय येतंय."

मी गेले. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून गेले.

वाचकहो, मला कायदा माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. तो माझ्या पाठाच्या टिपणात होता. पण त्या दिवशी मला तो आठवलासुद्धा नाही. माझ्या मनात काय होतं ते प्रामाणिकपणे लिहिते. तिसरी मुलगी झाली तर ही चौथ्याला उभी राहणार, तिची तब्येत तोळामासा, दोन एकराची द्राक्षबाग आणि तीन हुंडे. आपण व्यवहारी आहोत, अडाणी नाही, असंच मला वाटत होतं. शिवाय मला एक मुलगा आणि एक मुलगी होती, मागितल्याशिवाय झालेली. ज्याच्या पानात वाढलेलं असतं त्याला दुसऱ्याच्या भुकेविषयी शहाणपण सुचतं.

डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं नाही. माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "पेढ्यांची घाई करू नका." सुशिक्षित माणसं एकमेकांशी अशीच बोलतात. मला कळलं, आणि धाकटीला ते मी बाहेरच्या बाकावर समजावून सांगितलं.

चार दिवसांनी दुसऱ्या दवाखान्यात गेलो. १९७१ च्या कायद्याने आपल्याकडे गर्भपाताला मुभा दिलेली आहे, तेव्हा ती २० आठवड्यांपर्यंत होती. तो कायदा चांगलाच आहे, त्याआधी किती बाया सुइणींच्या हातून मेल्या ते आमच्या पिढीने पाहिलं आहे. विवाहितेचं संततिनियमनाचं साधन फसलं तर गर्भपात करता येतो असं त्यात होतं. तिथल्या नर्सने कागद पुढे केला आणि काय लिहायचं ते सांगितलं. धाकटी सातवी शिकलेली, तिचा हात थरथरत होता, म्हणून मी लिहिलं. 'कुटुंबनियोजनाचे साधन अयशस्वी.' माझं अक्षर चांगलं आहे, शाळेतले फलक मीच लिहायची. खाली धाकटीने सही केली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "केवढी हुती वो अक्का?"

मी काही उत्तर दिलं नाही. आज तीस वर्षं झाली.

१९९७ मध्ये तिला मुलगा झाला. पेढे वाटले.

मग आली २००१ ची जनगणना. आमची गल्ली माझ्याच भागात होती. प्रत्येक माणसापुढे पुरुष असेल तर १, स्त्री असेल तर २ असा आकडा घालायचा. विवाहित स्त्रियांना आणखी एक विचारायचं असतं. आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुलं किती, आणि त्यांतली हयात किती. मी धाकटीच्या दारात कागद घेऊन बसले. नियमाप्रमाणे विचारलं.

"तीन," ती म्हणाली. "तिन्ही हयात."

उत्तर शंभर टक्के खरं होतं. मी लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

काम संपल्यावर प्रगणकाला आपल्या भागाचा गोषवारा काढावा लागतो. त्यात शून्य ते सहा वयाची मुलं वेगळी मोजायची, मुलगे किती, मुली किती. माझी बेरीज मला विचित्र वाटली, मुली फारच कमी भरत होत्या. चूक झाली असेल म्हणून मी पुन्हा केली. तेवढीच आली. एका गल्लीवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण काही दिवसांनी जिल्ह्याचे आकडे पेपरात आले. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. १९९१ साली सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९२४ मुली होत्या, २००१ मध्ये त्या ८५१ झाल्या. शेजारचं कोल्हापूर ९३१ वरून ८३९ वर. सगळ्या महाराष्ट्राचा आकडा ९४६ वरून ९१३.

आणि हे कुठे झालं बघा. जिथे ऊस, द्राक्षं, साखर कारखाने, दूधसंघ, रस्ते, शाळा आणि दवाखाने, तिथे. तिकडे आदिवासी गडचिरोलीत त्याच साली ९६६ होत्या. आम्ही ज्यांना मागासलेले म्हणायचो त्यांच्या घरात मुली होत्या. आमची तिसरी असती तर त्या फेब्रुवारीत पाच वर्षांची असती. म्हणजे त्या ८५१ च्या उणिवेत ती आहे. पेपरमधला आकडा बघताना माझ्या डोक्यात हा हिशेब झाला, आणि आपण काय केलं हे मला त्या क्षणी खऱ्या अर्थाने कळलं. सहा वर्षं लागली.

पुढची सनावळ थोडक्यात सांगते. केंद्राचा कायदा कागदावरच पडून आहे म्हणून 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २००१ मध्ये न्यायालयाने केंद्र आणि राज्य सरकारांना अंमलबजावणीचे आदेश दिले. १४ फेब्रुवारी २००३ पासून सुधारलेला कायदा आला, गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्यात आली. साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी गरोदर बायकांच्या मदतीने डॉक्टरांना रंगेहाथ पकडून दिलं. २०२५ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी, पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले लक्ष्मीकांत देशमुख, यांनी सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण जोडायला लावलं, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद राहणार. डॉक्टरांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०११ मध्ये न्यायालयाने ते उपकरण योग्य ठरवलं.

त्याच वर्षीच्या जनगणनेत कोल्हापूर ८६३ वर आणि सांगली ८६७ वर आली. थोडं सावरलं. पण राज्याचा आकडा आणखी घसरून ८९४ झाला, आणि बीड ८०७ वर गेलं. मशीन आता तिकडे पोचलं होतं. शिवाय आमच्याकडे सगळं संपलं म्हणावं, तर मार्च २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, म्हैसाळला, एका बाईच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. तिलाही कुणीतरी सोबत घेऊन गेलंच असेल.

निवृत्तीनंतर मी तो कायदा सावकाश पूर्ण वाचून काढला. त्याचं २४ वं कलम वाचताना थबकले. लिंगतपासणी झाली तर ती त्या बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडूनच झाली असं न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध होईपर्यंत. शिक्षा त्या नातेवाइकांना. म्हणजे आजच्या कायद्याने धाकटी निर्दोष आहे. आरोपी मी. ज्याने कुणी हे कलम लिहिलं त्याला आमचं घर नक्की माहीत असणार.

दोन शब्दांविषयीही लिहायला हवं, मराठीची शिक्षिका ना. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द मी वापरत नाही. या चळवळीतल्या अनेकींनीच त्याला हरकत घेतली आहे. हत्या म्हटलं की सगळाच गर्भपात गुन्हा वाटायला लागतो, आणि उद्या खरी गरज असलेली बाई दवाखान्यात जायला घाबरेल. गुन्हा आहे तो मुलगी म्हणून नाकारण्याचा. 'गर्भलिंगनिवड' हा शब्द रुक्ष आहे, पण नेमका आहे.

दुसरं, "मुली वाचवल्या नाहीत तर सुना कुठून आणाल?" ही भिंतीवरची घोषणा. धाकटीचा मुलगा आज अठ्ठावीस वर्षांचा आहे. गुणी आहे, बाग नीट बघतो. चार वर्षं स्थळं शोधताहेत, शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला, तेव्हा गावात सगळे हसले, आमच्या घरात कुणी हसलं नाही. तरीही ती घोषणा मला पटत नाही. कुणाची तरी सून व्हायला हवी म्हणून मुलीने जन्माला यायचं का? तिने यायचं ते ती आलीच होती म्हणून.

हे लिहिण्याआधी मी धाकटीला विचारलं. फोनवर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लिवा अक्का. नाव तेवढं घालू नका. आन् माज्या पोरीस्नी आदी मीच सांगते."

तिने सांगितलं. परवा पुतणीचा फोन आला. मी वाट बघत होते की ती चिडेल, रडेल, "आम्ही दोघी वाचलो त्या मशीन यायच्या आधी जन्मलो म्हणून का?" असं विचारेल. तसं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "मोठी आई, कुठला महिना होता?"

"श्रावण," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि जनगणनेचं प्रशिक्षण कधी असेल, किती दिवसांचं असतं, त्याविषयी बोलत राहिली. तो रकाना या वेळीही असेल तर ती तिथे जरा थांबेल असं मला वाटतं.

असो. जनगणनेला कुणी शिक्षिका तुमच्या दारी आली, तर तिला बसायला सांगा, पाणी द्या. आणि विचारील त्याचं खरं उत्तर द्या.